टायरला वीस वर्षं

न्यायाच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण म्हणजे न्यायाधीश. त्याला दया येते, झोप येते, समोरच्या आरोपीचा वाकलेला खांदा बघून स्वतःचे वडील आठवतात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पिनी क्रीक परगण्यात ही अडचण कायद्यानंच दूर केली होती. हिंसक गुन्ह्यात बंदूक दाखवली तर किमान दहा वर्षं, झाडली तर किमान वीस. जज्जाला वाटलं तर त्यानं वाढवावी. कमी मात्र करता येणार नाही. (म्हणजे विवेकबुद्धीला मुभा होती, फक्त एकाच दिशेनं.)

जज्ज लमार टीग यांचा या कायद्यावर भारी जीव. पूर्वी एका दरोडेखोराला त्यांनी कोवळं वय बघून लवकर सोडलं आणि त्यानं पेट्रोल पंपावरच्या बाईला गोळी घातली. त्यानंतर शिक्षा सुनावायची म्हटलं की साहेबांना घास गिळवत नसे. कायदा आला आणि त्यांची भूक परत आली. ‘बंदूक काढली, वर्षं वाढली’ या घोषणेवर ते निवडणूकही जिंकले.

मग त्यांच्यासमोर ओडेल स्पायव्ही उभा राहिला. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, चर्चच्या जेवणावळीत मासे तळणारा माणूस.

घडलं ते असं. रविवारी त्याचा जावई रस्टी दारू ढोसून आला आणि चार वर्षांच्या जूनीला, आपल्या लेकीला, उचलून गाडीत कोंबलं. ओडेलची मुलगी शार्लीन चावी काढायला धावली, तर तिला ढकलून त्यानं गाडी सुरू केली. ओडेल घरातून हरणं मारायची बंदूक घेऊन आला. ‘उतर खाली, नाहीतर उडवीन!’ असं ओरडला आणि मागच्या टायरमध्ये गोळी घातली. गाडी जागीच बसली. जूनीच्या हातातलं बिस्किटसुद्धा पडलं नाही.

कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर धमकी होती, बंदूक होती, गोळी होती. नात दिसण्याची सोय त्या नजरेत नव्हती. रस्टीला दारू सोडवण्याच्या वर्गात बसवण्यात आलं. (गाडी फारशी चाललीच नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूनं धरली गेली.)

जज्जाकडून काढून घेतलेला अधिकार वाया गेला नव्हता. तो तरुण सरकारी वकील क्लेटन यार्ब्रो यांच्याकडे सुखरूप होता. कोणतं कलम लावायचं ते त्यांच्या हातात. त्यांनी ओडेलला सांगितलं, गुन्हा कबूल कर, हलकं कलम लावतो, तीन वर्षांत सुटशील.

‘पोरीला वाचवलं हा गुन्हा म्हणू?’ ओडेल म्हणाला. ‘नाही जमायचं.’

जज्जसाहेबांनी क्लेटनला आत बोलावलं. ‘अरे, कलम बदल. म्हातारा माणूस आहे.’

‘आणि उद्या टीव्हीवर आलं, बंदूकवाल्याला सोडला म्हणून? साहेब, घोषणा तुमची होती.’

खटला उभा राहिला. शिक्षा किती होईल हे ज्यूरीला सांगायचं नाही, असा नियम. (माहिती मिळाली की माणूस विचार करू लागतो.) ज्यूरीनं दोषी ठरवलं.

‘काही सांगायचंय?’ जज्जसाहेबांनी विचारलं.

ओडेल उभा राहिला. ‘टायर नवीन घेऊन देतो म्हटलं होतं, साहेब. जावई घेईना.’

जज्जसाहेबांनी पाणी मागवलं. प्यायले. मग म्हणाले, ‘वीस वर्षं.’

शार्लीन मागच्या बाकावरून ओरडली, ‘आणि कुऱ्हाडीनं फोडला असता तर?’

तिला बाहेर काढायला हवं होतं. पण साहेब मूळचे सरळ. ‘तर बहुतेक तुरुंगच नसता, बाई,’ ते म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर ज्यूरीची प्रमुख व्हर्ना स्टेपल्स रडत उभी होती. ‘वीस? तुम्ही विचारलंत झाडली का, आम्ही म्हटलं झाडली. पुढचं तुम्ही बघाल असं वाटलं!’

‘आणि मला वाटलं, तुम्ही बघाल,’ जज्जसाहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी बायकोनं वाढलेलं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं. मग या वयात त्यांनी एक अविचार केला. राजधानीत जाऊन आमदारांपुढे उभे राहिले आणि कायद्यात एकच वाक्य घालायला सांगितलं: जज्जाला सबळ कारण दिसलं तर शिक्षा कमी करता यावी. आमदारांनी शांतपणे ऐकलं. मग एकानं आदरानं विचारलं, ‘साहेब, तुम्ही हल्ली गुन्हेगारांच्या बाजूनं का?’

पुढच्या निवडणुकीत क्लेटन यार्ब्रो त्यांच्या विरोधात उभे राहिले. विसाची तीस करा, अशी त्यांची मागणी होती. ते प्रचंड मतांनी निवडून आले.

टीगसाहेब दर महिन्याला तुरुंगात ओडेलला भेटायला जातात. एकदा वाटेत व्हर्ना भेटली. तिनं ओडेलसाठी घरी केलेला पेकानच्या दाण्यांचा गोड केक दिला आणि डोळे पुसले. साहेबांनी सहज विचारलं, मत कुणाला दिलंस?

‘क्लेटनला,’ ती म्हणाली. ‘तीस वर्षं काय ओडेलसारख्यांसाठी आहेत होय? ती खऱ्या गुन्हेगारांसाठी.’

तिला हसू नका. खरे गुन्हेगार कोण, हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे: ज्यांची गोष्ट तुम्हाला अजून कुणी सांगितलेली नाही.