आमच्या फ्रिजमधला अक्रोड

आमच्या फ्रिजमधला भाजीचा कप्पा आमचा नाही. तो भालेरावकाकांचा आहे. तिथे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या अक्रोडाच्या काड्या आरामात झोपतात आणि आमची मेथी बाहेर ओट्यावर माना टाकते.

काका इथे चिखलोलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहतात. अंबरनाथला कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. हिमाचलात परतलेला त्यांचा जुना सहकारी दर हिवाळ्यात आपल्या झाडाच्या काड्या कुरियरने पाठवतो. काका उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून अख्खे अक्रोड आणून गच्चीवर कुंड्यांत रुजवतात. त्या रोपांवर या काड्यांचे डोळे बसवायचे, म्हणजे कलम झालं. तोवर डोळे फुटू नयेत म्हणून काड्या थंडीत ठेवायच्या. तिथल्या सुक्या मेव्याच्या सिंधी दुकानदाराने एकदा हात जोडून सांगितलं होतं, "साईं, चिखलोली में अखरोट नहीं होगा." काका म्हणाले, "होईल की. घाई कोणाला आहे?"

घाई मला असते. सकाळी मी चावी आणि दुसरा मोजा शोधत असतो, नेमकी तेव्हाच बेल वाजते. "काडी बघायला आलो." मग गोणपाट सोडायचं, एकेका डोळ्यावरून बोट फिरवायचं, पाणी शिंपडायचं आणि चहा घ्यायचा. चहाबरोबर व्याख्यान फुकट. अक्रोडाचं रोप कापलं की रडतं, रस वाहतो, त्यात नवा डोळा टिकत नाही. म्हणून रस निघून जायला खाली एक चीर द्यायची. "आधी रडू द्यायचं, मग जोडायचं." मला हे झोपेतही म्हणता येईल. आमच्याकडून निघाले की शेजारी, मग खाली. बिल्डिंगमधल्या बहुतेक फ्रिजांत काकांची एकेक जुडी आहे. एवढं करून कलमं मे महिन्यापर्यंत वाळतात ती वाळतातच. काका म्हणतात, "रुसलं यंदा."

परवा माझ्या बायकोने, सुषमाने, अगदी शांतपणे सांगितलं की फ्रिजमध्ये एकतर काड्या राहतील नाहीतर भाजी. वाद घालण्यापेक्षा जिना चढणं सोपं होतं. मी जुडी घेऊन वर गेलो.

काकांना राग आला नाही. त्रास होतो खरा तुम्हाला, म्हणाले, आणि जुडी हातात घेऊन त्यांनी स्वयंपाकघरातला फ्रिज उघडला. काकू असताना घेतलेला, आमच्या दुप्पट. आत दुधाची एक पिशवी आणि झाकलेली वाटी. बाकी सगळे कप्पे स्वच्छ, रिकामे.

मी म्हटलं, काका, इथे तर सगळ्या बिल्डिंगच्या काड्या मावतील.

ते पाठमोरेच होते. फ्रिजचं दार धरून म्हणाले, "मावतील रे. पण मग बघायला कुठं जाऊ?"

मला फार वाईट वाटलं. जुडी त्यांच्या हातातून परत घेतली आणि म्हटलं, आमच्याकडेच बऱ्या आहेत, सवय झालीय त्यांना.

खाली सुषमाने तेवढ्यात कप्पा पुसून मेथी आत लावली होती. तिने जुडी बघितली. वर काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं. तिने मेथी बाहेर काढली आणि निवडायला बसली.