मुआरा निपाहची संध्याकाळची गर्दी

शहराच्या नाडीवर बोट ठेवल्याखेरीज रेल्वेचं वेळापत्रक आखता येत नाही, असं विरात्मोचं ठाम मत होतं. जकार्ताच्या उपनगरी गाड्यांची वेळापत्रकं तो बारा वर्षं आखत होता. ऑफिसला मात्र मोटारसायकलवरून येत असे.

त्या वर्षी नाडीनं त्याला गुपित सांगितलं. संध्याकाळी ऑफिसं सुटली, की उत्तरेकडे मुआरा निपाहला जाणाऱ्या गाड्या खच्चून भरत. मुआरा निपाह म्हणजे शेवटचं स्टेशन. पुढे खाजण आणि बगळे!

"इबू, रोज चार हजार माणसं तिकडे जातात!" डब्यांतल्या कॅमेऱ्यांची मोजणी त्यानं वरिष्ठ बाईंपुढे, इबू तियूरपुढे, मांडली. "बिचारी चिखल तुडवत पुढे जात असणार. मालगाडीचे रूळ आहेतच. गाडी तिथून परत न फिरवता पश्चिमेला बेलानाकच्या कोळीवाड्यापर्यंत नेऊ. दर सहा मिनिटांनी एक!"

"आणि रिकाम्या धावल्या तर?"

"तर मला हरवलेल्या छत्र्यांच्या खात्यात पाठवा."

"लिहून द्या." इबू तियूर सडेतोड बातक जमातीच्या, गोड बोलण्यात त्या वेळ घालवत नसत. त्यानं सही ठोकून दिली.

पहिल्या दिवशी उद्घाटनाला तिथल्या रीतीप्रमाणे पिवळ्या भाताचा डोंगर कापला गेला. संध्याकाळी विरात्मो ठेवणीतला बातिकचा शर्ट घालून गाडीत चढला. मुआरा निपाह आलं. कुणीच उतरलं नाही! गाडी पश्चिमेला वळली आणि त्याची छाती शर्टात मावेना.

शेजारच्या बाईंनी डोळे उघडले. "अहो बापाक, ही परत का नाही फिरली?"

"फिरणारच नाही! थेट सेवा!"

"कुठे थेट? माझं घर दक्षिणेला आहे!"

"मग उत्तरेला कशाला आलात?"

"बसायला!"

"कुठे?"

"इथे!" बाईंनी बाकावर थाप मारली. "घरच्या गाडीत मधेच चढलं तर दीड तास एका पायावर. म्हणून आधी उलटं यायचं, जागा धरायची आणि तश्शीच बसून घरी! सगळं शहर हेच करतं. तुम्ही काय कालच बोटीतून उतरलात?"

विरात्मोच्या डोळ्यांपुढे छत्र्याच छत्र्या उघडल्या.

बेलानाकला दारं उघडली. मासे वाळत घालणाऱ्या बायका बघायला जमल्या. डब्याडब्यांतून शिव्या येत होत्या, पण सगळ्या बसल्या जागेवरून! उठलं, की जागा गेली.

आठवड्यानं इबू तियूरनी बोलावलं. विरात्मो राजीनामा खिशात घालूनच गेला.

"बेलानाकपर्यंत डबे तुडुंब!" इबू म्हणाल्या. "गर्दी दीडपट!"

"इबू, खरं सांगायचं तर ती माणसं..." 

"आकडा खोटा आहे?"

"नाही."

"मग झालं तर! आता सगळ्या मार्गांची आखणी तुमच्याकडे."

विरात्मोनं क्षणभर विचार केला आणि मान ताठ केली. शेवटी नाडी कुणी ओळखली होती?

त्या आठवड्यात बेलानाक स्टेशनातून बाहेर पडलेले प्रवासी नऊ. त्यांतले सहा चुकून उतरले होते.