लोखंड बाहेर

माकुणसारला जनूकाकांच्या वाडीत शिरायचं तर फाटकाजवळच्या माडाला टांगलेल्या टोपलीत आधी किल्ल्या, मोबाइल, पट्टा काढून ठेवावा लागे. "लोखंड बाहेर," काका ओट्यावरून ओरडत. माझ्या केसांतल्या पिनासुद्धा त्यांनी काढायला लावल्या होत्या. बोईसरहून पार्सल घेऊन येणारा माणूस वैतागून म्हणे, "चाचा, घर है या एअरपोर्ट?"

काका दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर दोन हिवाळे काढून पृथ्वीचं चुंबकत्व मोजून आले होते. तिथे ते वर्षागणिक ओसरतंय. किती आणि का, हे कळायला पिढ्या जाव्या लागतात, असं ते अभिमानाने सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी सुपारीच्या झाडांत एक खोपी बांधली. लाकूड, सुंभ, तांब्याचे खिळे, आणि आत मोजायचं यंत्र. तळावरून अजून आकडे येत, काका ते इथल्या आकड्यांशी ताडून बघत. "तिकडची कुजबुज ऐकायची तर इथे कुणीतरी गप्प बसायला हवं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मालतीकाकू त्या गप्प बसण्यात सामील होत्या. घरात पितळेची भांडी. त्यांचं माहेरून आलेलं पायाचं शिलाई मशीन, अख्खं बिडाच्या लोखंडाचं, ते शेजारच्या सुमनवहिनींच्या पडवीत. काकू रोज दुपारी तिकडे शिवायला जात. त्या वारल्यावर सुमनवहिनी म्हणाल्या, "काका, मशीन न्या आता. माज्याकडं पडून हाय नुसतं." काका म्हणाले, नोंदी बिघडतील. मला संताप आला होता. बाई गेली आणि हा माणूस आकडे जपतोय.

मग वीजवाहिनीचे टॉवर आले. एक नेमका काकांच्या कुंपणाला लागून, टनावारी पोलाद. आमच्या टॉवरविरोधी समितीने पत्रकं छापली, मी भोंगा घेऊन केळव्यापर्यंत फिरले. (भोंग्यात चुंबक असतं. काकांशी मला रस्त्यावरूनच बोलावं लागे.) पालघरच्या जनसुनावणीत आम्ही काकांना उभं केलं. शास्त्र जाणणारा माणूस, आमचा हुकमी एक्का. एक्क्याने माइक बाजूला सारला आणि मंचावरच्या साहेबांना पट्टे काढायला सांगितलं. एका साहेबाने हसत विचारलं, दक्षिण ध्रुवाचा माकुणसारशी संबंध काय? काकांनी तो सांगितला. सगळा. लोक जेवायला उठले तरी सांगत होते. आमची हरकत नोंदवून घेतली आणि टॉवर उभा केला. हरकती असतातच त्यासाठी.

परवा गेले तेव्हा फाटक उघडं होतं. टोपली नव्हती. मी सवयीने पिना काढायला लागले, तर ओट्यावरून आवाज आला, "राहू दे, पोरी."

ओट्यावर काकूंचं मशीन होतं, नुकतंच तेल दिलेलं. मी कोर्टाचं बोलायला लागले. हायकोर्टात जाऊ, स्थगिती मागू. काकांनी ऐकल्यासारखं केलं.

"ती दुपारी तिकडे असायची," ते म्हणाले. "घरात आवाज नाही, काही नाही. मला वाटायचं, काम किती छान चाललंय."

मग त्यांनी खिशातून जुनं होकायंत्र काढून मशीनच्या फळीवर ठेवलं. काटा थरथरला आणि उत्तर सोडून मशीनच्या चाकाकडे वळला.

"बिघडलं ना सगळं?" मी विचारलं.

काकांनी काचेवरचं तेल बोटाने पुसलं.

"नाही," ते म्हणाले. "आता बरोबर दाखवतंय."