बिनमुठीचं दार

"शनिवारी सकाळी लोक यायच्या आत ते दार या घरातून गेलेलं पाहिजे मला," आस्टा म्हणाली आणि तिने पावावर लोणी इतक्या जोरात फासलं की पावाला मधोमध भोक पडलं.

"कुठे जाईल गं ते बिचारं?" एगॉनने विचारलं.

"खड्ड्यात जाऊ दे!"

एगॉनच्या हातातली कॉफी हिंदकळली. दुसऱ्या कुणाच्या घरात हे नुसतं रागाचं बोलणं झालं असतं. या घरात तो चक्क पत्ता होता. गावाबाहेर पाडलेल्या घरांचा राडारोडा गाडायचा खड्डा होता. त्याच्या शेजारी आता मेंढ्या चरतात ती टेकडीसुद्धा एके काळी खड्डाच होती, आणि ती भरली होती एगॉनने. चाळीस वर्षं पाडकामाच्या यंत्रावर बसून त्याने शाळा पाडल्या, गोठे पाडले, एक अख्खा साखर कारखाना पाडला, आणि सगळं नेऊन तिथे ओतलं. निवृत्त झाला त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आस्टा, बास. माझ्या हातून आता एक खिळासुद्धा खड्ड्यात जाणार नाही." आस्टाला वाटलं, म्हातारा भावुक झालाय, दोन दिवसांत उतरेल. अकरा वर्षं झाली, काही उतरलं नाही.

आस्टाचा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा त्याने खालच्या मजल्यावर न्हाणीघर बांधायला घेतलं. बांधलं कशाने? जमीन शाळेच्या व्यायामशाळेची, तीही खेळाच्या मैदानाच्या रेषांसकट. एक लाल रेष सरळ कमोडखाली जायची. फरशा बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानातल्या. खिडकी मोडीत निघालेल्या बोटीची: गोल, जाड काचेची, न उघडणारी. भिंतीत भरलेलं वाळकं समुद्री गवत कुणाच्या तरी जुन्या छपराचं, आणि ते इतकं गच्च भरलेलं की आतले शब्द बाहेर आणि बाहेरचे आत कळायचेच नाहीत, नुसता आवाज घुमायचा. एवढ्या बांधकामाचा वाया गेलेला कचरा फक्त एक बादली होता. ती बादली एगॉनने जपून ठेवली होती. पाहुणे आले की कॉफीच्या आधी बादली दाखवायचा.

आस्टाने हे सगळं चालवून घेतलं. ती त्याला चिडवायची, "उद्या मी मेले की माझे गुडघे काढून कपाटाला बिजागऱ्या म्हणून लावशील." पण चालवून घ्यायची. मग महिन्यापूर्वी ते दार आलं.

दार तालुक्याच्या जुन्या पोलीस चौकीचं होतं, कोठडीचं. ओकच्या लाकडावर लोखंडी पत्रा, वर राखाडी रंगाचे थरावर थर. एगॉनने ते अशा हुशारीने बसवलं होतं की बोट लावलं तरी आपोआप मिटायचं. एकच अडचण होती. मूठ फक्त बाहेरून होती. आतून नुसता सपाट पत्रा, कोठडीला आतून मूठ कोण कशाला ठेवील! दार आलं त्या दिवशी आस्टाने विचारलं, "कुठलं हे?" एगॉनने सांगितलं. तिने पत्र्यावर एके जागी अंगठा फिरवला, हात एप्रनला पुसला आणि म्हणाली, "हे दार या घरात नको." आजवर बोटीच्या खिडकीला, खाटकाच्या फरशांना कशालाही ती असं म्हणाली नव्हती.

तेव्हापासून बाहेरच्या मुठीला दोरी बांधून दार चार बोटं उघडं ठेवायचा नियम झाला. आणि आत जो असेल त्याने गायचं, म्हणजे बाहेरच्याला कळेल. एगॉन शीळ घालायचा. आस्टा चर्चमधली गाणी म्हणायची, तीही दात खाऊन. शेजारचा प्रेबेन आणि त्याची बायको गुड्रुन यांनासुद्धा हा नियम पाठ झाला होता.

आणि आता शनिवारी या दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्या दिवशी सकाळी शेजारीपाजारी दाराबाहेर हिरव्या फांद्यांची कमान उभारतात, तुतारी वाजवतात, गाणी म्हणतात, आणि नवराबायकोने झोपेच्या कपड्यांत दार उघडून "अगंबाई, हे काय!" असं तोंड करायचं असतं. मग पन्नास माणसं आत शिरतात, कॉफी पितात, आणि पन्नासांपैकी निम्म्यांना न्हाणीघर लागतं.

"सगळं गाव माझ्या न्हाणीघरात बसून गाणार का?" आस्टा म्हणाली. "दार गेलं नाही तर शनिवारी कमानीखाली तू एकटाच उभा राहा. मी बहिणीकडे जाते."

ती जाईल हे एगॉनला पक्कं माहीत होतं. म्हणून शुक्रवारी त्याने जड मनाने दार उतरवलं, गाडीला जोडलेल्या ट्रेलरवर घातलं आणि नगरपालिकेच्या कचरा-आवारात नेलं. तिथली बाई त्याला चांगली ओळखायची. तो नेहमी काहीतरी न्यायला यायचा, टाकायला पहिल्यांदाच आला होता.

"लाकडात टाकू?" एगॉनने विचारलं.

"छे! पत्रा आहे की वर."

"मग लोखंडात?"

"आत लाकूड आहे ना हो. दोन्ही चिकटलेलं. असलं काही वेगळं होत नाही." तिने कोपऱ्यातल्या लहान डब्याकडे बोट केलं. "हे खड्ड्यातच जाणार, एगॉन."

एगॉन त्या डब्यापाशी पाव तास उभा राहिला. मग दार परत घेऊन आला आणि रात्री आस्टा झोपल्यावर गुपचूप पुन्हा चौकटीत बसवलं. त्याने मनाशी ठरवलं होतं: शनिवारी उजाडताच पत्र्याला भोक पाडायचं आणि आतून मूठ बसवायची. दाराला मूठ आली की दाराचा गुन्हा संपला.

मूठ त्याच्याकडे होती, आणि साधीसुधी नव्हती. ती पितळेची होती, तिच्या टोकाला ताक घुसळायच्या रवीची नक्षी होती, आणि ती आस्टाने लग्नाच्या दिवशी त्याला दिलेली भेट होती. ती गोष्ट एगॉन प्रत्येक जेवणावळीत सांगायचा. "मी चर्चमध्ये दीड तास उभा! पाद्रीबुवा जांभया देतायत, सासरे खाली बघतायत. आणि ही येते, पांढरा झगा, हात कोपरापर्यंत काळे. म्हणाली, सायकलचा टायर फुटला. आणि खिशातनं ही मूठ काढून दिली. दुकानातनं आणली म्हणाली." पन्नास वर्षं मूठ फडक्यात गुंडाळून खणात पडून होती. कुठलंच दार त्याला तिच्या लायकीचं वाटलं नव्हतं. हे वाटलं.

शनिवारी सकाळी सातला एगॉन पायजम्यातच न्हाणीघरात शिरला. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात पेन्सिल. ड्रिल आणि पेटी बाहेर बोळात. त्याने दोरी सोडली, दाराखाली पाचर सरकवली, खटक्याला भरपूर वंगण घातलं आणि भोकाची जागा शोधायला लागला. बाहेर अंगणात फांद्यांची खसफस सुरू झाली होती.

तेवढ्यात आस्टा आली. अंगावर झोपेचा झगा, केसांत पिना, हातात कॉफीचा चमचा.

"दार परत इथे!" ती आत शिरली आणि चमचा त्याच्या नाकासमोर नाचवायला लागली. "मला फसवलंस? आजच्या दिवशी?"

"अगं, फक्त दहा मिनिटं. ही मूठ लावतो..."

"ती मूठ? या दाराला?" आस्टाचा आवाज चढला. "पन्नास वर्षांत दुसरं दार नाही मिळालं तुला?" आणि रागाने तिने पाय आपटला, तो नेमका पाचरीवर. पाचर उडाली.

दार आपोआप मिटलं. एगॉनने बसवलं होतंच तसं. खट.

दोघं दाराकडे बघत राहिली. बाहेर प्रेबेनने तुतारी फुंकली आणि पन्नास गळे एकदम गायला लागले.

"प्रेबेन!" एगॉन ओरडला. "अरे प्रेबेन! दार उघड!"

गवताने भरलेल्या भिंतींनी ते सगळं गिळलं. गाणं संपलं. बाहेर शांतता. मग तेच पुन्हा सुरू झालं, जरा नेटाने.

एगॉनने खांद्याने धडक दिली. दार ढिम्म. कोठडीचं दारच ते, माणसाच्या धडका खाण्यासाठीच केलेलं. तो खिडकीकडे वळला. तिच्यातून मांजर गेलं असतं, तेही उपाशी असतं तर.

"वा रे बांधकाम," आस्टा कमोडच्या झाकणावर बसत म्हणाली. "काहीही वाया गेलं नाही. आपणसुद्धा."

इतक्यात बोळात पावलं वाजली. प्रेबेन! सकाळपासून थंडीत उभा राहून त्याला निकड लागली होती, म्हणून तो स्वयंपाकघराच्या दाराने हळूच आत आला होता. एगॉनने सगळा जीव एकवटून हाक मारली. "प्रेऽऽबेन! उघऽऽड!"

पावलं थांबली. दाराच्या फटीला तोंड लावून त्याने अदबीने उत्तर दिलं, "चालू द्या, चालू द्या! गाणं ऐकू आलं हो मला!" आणि पावलं निघून गेली.

"मूर्ख!" एगॉन म्हणाला.

"नियम तुझाच आहे," आस्टा म्हणाली.

मिनिटभराने प्रेबेन गोल खिडकीबाहेर दिसला, मागच्या कुंपणाच्या झुडपांपाशी उभा. एगॉनने काचेवर बुक्क्या मारल्या, दोन्ही हात हलवले. प्रेबेनने मान वळवून पाहिलं, लाजेने लाल झाला आणि घाईने पाठ फिरवली. मग तोही गेला. पुढच्या अंगणात गाणं तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं. आता सूर बरेच थकले होते.

एगॉन जमिनीवर, शाळेच्या लाल रेषेवर बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला तो.

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "टाकायला हवं होतं गं. तुझा दिवस नासवला मी, एका भंगार दारापायी. सोमवारी नेतो. खड्ड्यातच टाकतो, शप्पथ."

आस्टाने त्याच्याकडे पाहिलं. खड्ड्यात टाकतो हे शब्द त्या माणसाच्या तोंडून अकरा वर्षांत पहिल्यांदा येत होते. हवं ते मिळालं होतं तिला, पण ते काही तिला सोसेना.

"ऊठ," ती म्हणाली. "मूठ दे इकडे. आणि हसायचं नाही, आधीच सांगते."

तिने चमचा उलटा धरला आणि पत्र्यावर एके जागी राखाडी रंग खरवडायला लागली. महिन्यापूर्वी अंगठा फिरवला होता नेमकी तीच जागा. रंगाच्या पापुद्र्याखालून नाण्याएवढी एक गोल चकती निघाली, एकाच स्क्रूवर लटकलेली. तिने ती बाजूला सरकवली. मागे चौकोनी भोक होतं, त्यातून काळं वंगण ओघळलं. आस्टाने पितळी मुठीचा दांडा त्यात घातला आणि पिळला.

खट. दार उघडलं.

एगॉनचं तोंड दारापेक्षा मोठं उघडलं. "आस्टा... तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे! आधी एकदा उघडलंय मी."

"कोठडीचं दार? तू? कधी?"

"आपल्या लग्नाच्या दिवशी." ती चमच्याकडे बघत बोलत होती. "तुम्ही लोक त्या आठवड्यात जुनी डेअरी पाडत होता. तू हळहळत होतास, म्हणालास, एवढी सुंदर मूठ आणि खड्ड्यात जाणार. म्हणून सकाळी कुंपणावरून चढले आणि काढली. हवालदाराने धरलं."

"झग्यात?"

"मग काय, घरी जाऊन बदलायला वेळ होता? म्हणाला, नवऱ्याला बोलावतो. मी म्हटलं, खबरदार! मग मला कोंडलं आणि बसला न्याहारीला. मूठ माझ्या मोज्यात होती, त्याला सापडली नाही. आतली मूठ काढून भोकावर नुसती चकती लावली होती त्यांनी. पिनेने तिचा स्क्रू सैल केला, ही मूठ घातली आणि निघाले. संध्याकाळी आपल्याकडे येऊन तीन वेळा केक घेतला त्याने. तोही बोलला नाही, मीही नाही."

"तशीच दुसरी दुकानातनं आणली म्हणालीस!"

"कुंपणाच्या आतलं दुकान."

एगॉनने मुठीवरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे अकरा वर्षं मला भंगारवाला म्हणून हिणवतेस, आणि या घरात खड्ड्यातून पहिली वस्तू वाचवली कुणी? तू! वर तुरुंगात जाऊन!"

"हसू नकोस म्हटलं ना."

"मी हसत नाहीये," एगॉन म्हणाला, आणि ते खरं होतं. तो डोळे पुसत होता, पायजम्याच्या बाहीने. "आणि दार?"

"राहू दे आता." आस्टाने मूठ एकदा फिरवून पाहिली. "बसतेय छान. पण स्क्रू घट्ट आवळ. कुणी पळून जायला नको."

दोघं तशीच बोळातून गेली आणि पुढचं दार उघडलं. हिरव्या कमानीखाली पन्नास माणसं घसे खरवडत उभी होती. प्रेबेनने तुतारी खाली केली.

"अरे, आहात कुठे?" तो म्हणाला. "चारदा गाणं म्हणून झालं! एवढा उशीर कशाने?"

एगॉनने आस्टाचा हात धरला.

"सायकलचा टायर फुटला," तो म्हणाला.

प्रेबेनने दोघांच्या पायजम्याकडे आणि झग्याकडे पाहिलं, मग आस्टाच्या मनगटापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, आणि पटल्यासारखी मान डोलावली.