तिन्ही नळ्यांत वास

या, जरा पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ यावं. आज एका नाकाची कथा सांगतो, आणि शेवट गोड आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे एक काका. निवृत्तीनंतर ते एका प्रयोगशाळेत वास घ्यायला जात. कुठला वायू किती थोडा असला तरी माणसाला कळतो, हे ठरवायला तिथे सहा जणांची नाकं ठेवली होती. वर्षातून एकदा त्या नाकांचीच परीक्षा व्हायची. समोर तीन नळ्या: दोहोंत स्वच्छ हवा, एकीत घरगुती गॅसला लावतात तो वास, अगदी नावापुरता. नळी ओळखायची. तीनदा चुकलं की नाव कमी.

नेमकं त्याच सकाळी घरी काकांच्या शेजारी दूध करपलं.

"तिथेच बसला होतात ना?" काकू कडाडल्या. "नाक आहे की खुंटी?"

काकांनी स्वतःचाच हात हुंगून पाहिला. घरात त्यांच्या शब्दाला कोणी विचारत नसे; प्रयोगशाळेत मात्र त्यांचं 'हो' कागदावर उतरवून घेत. नाक गेलं, तर तेही गेलं!

परीक्षा घेणाऱ्या बाई कडक. अत्तर नाही, कांदा नाही, चहासुद्धा नाही. शेजारच्या खोलीत तिथल्या झाडलोट करणाऱ्या मावशींनी चहा चढवलेला दिसताच बाईंनी त्यांना खाली पिटाळलं. बाई स्वतः गॅसच्या शेगडीकडे वळतात तो चहा उतू जाऊन आच विझलेली. "बरं झालं, आपोआप विझली," म्हणत त्या परीक्षेला आल्या.

काकांनी पहिली नळी हुंगली. वास. दुसरी. वास. तिसरी. वास!

"कुठली?"

"तिन्ही."

"काका, एकच असते. बाकीच्या पाचांनी सांगितली की एकेक."

"तिन्हींत येतोय, बाई. देवाने दिलेल्या नाकाशी खोटं कसं बोलू?"

एक चूक मांडली. पुन्हा तिन्ही. दुसरी चूक. तिसऱ्या फेरीलाही "तिन्ही" म्हणताना काकांचा आवाज रडवेला झाला. बाईंनी पेन टेकवलं, तोच दारातून मावशी ओरडल्या, "अहो, गॅसचा वास येतोय!"

"श्श! मावशी, उत्तर फोडू नका!"

"कसलं डोंबलाचं उत्तर! जिन्यापर्यंत येतोय!"

"आम्हालाही केव्हाचा येतोय," पाचही जण म्हणाले, "पण तो परीक्षेचाच ना?"

बाईंचं पेन गळून पडलं. एकाने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. मावशींनी त्यावर सणसणीत चापट दिली. "बटणाला हात लावाल तर बघा! खिडक्या उघडा नि बाहेर व्हा!" आणि स्वतः जाऊन त्यांनी शेगडी बंद केली.

अंगणात मोजले तर आठच्या आठ धडधाकट. बाईंनी काकांच्या दोन्ही चुका खोडल्या. काकांना आता कुठे आठवलं, की दूध करपलं तेव्हा पेपर तोंडावर घेऊन त्यांना डुलकी लागली होती. हे काकूंना सांगायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

"मावशी," बाई ओशाळून म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हीही बसा आमच्या नाकांत."

"नको गं बाई! वास आला तरी गप्प बसून नळ्या मोजायच्या? मला आला की मी ओरडणार."

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा आपापलं मागून झालं की क्षणभर थांबा, आणि सगळ्यांसाठी ओरडणाऱ्या त्या माउलीलाही आठवा.