चिल आउट कोणी कोणाला म्हणावं

मनाची शांती बाहेरून येत नसते, असं मोठी माणसं सांगतात. चूक. ती बाहेरूनच येते, आणि येताना 'चिल आउट' म्हणत येते.

चिल आउट म्हणजे डोकं थंड ठेवा. अर्थ सोपा, वापर अवघड. ज्याची शेपटी दारात अडकलीय त्याने हे म्हणायचं नसतं. जो दाराबाहेर उभा असेल त्याने म्हणायचं असतं. (म्हणताना हात खिशात असावेत. मोकळे दिसले की लोक काम सांगतात.)

कपडे शिवणारी मावशी दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्टमध्ये अडकली, तेव्हा तिला हा नियम ठाऊक नव्हता. सकाळपासून नुसता चहा ढोसलाय आणि आता बाथरूमला जायचंय, एवढंच तिला कळत होतं.

"अहो, उघडा कोणीतरी. मला जायचंय."

"मावशी, चिल आउट," सोसायटीचे सेक्रेटरी जाळीतून म्हणाले. "लिफ्टवाल्याला फोन लावलाय."

"उचलला का त्याने?"

"उचलेल की. तुम्ही आधी चिल आउट."

मग तिचा भाचा आला. "मावशी, मोठा श्वास घे."

"श्वास घेतला की जास्त लागते रे, गाढवा."

आतून तिला वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या फक्त चपला दिसत होत्या. सगळ्या चपला एकदम शांत.

तेव्हाची अधिकृत आकडेवारी अशी: चिल आउट म्हणणारे, शंभर टक्के. किल्ली आणायला गेलेले, शून्य टक्के. (दार बाहेरून उघडायची किल्ली सेक्रेटरींच्याच घरी होती. पण वरच्या फळीवर. स्टूल घ्यावं लागतं.)

मावशीने आधी जाळीवर लाथ घातली. मग तिने पायाखाली पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "झाले मी चिल आउट. आता इथेच बसते, तुमच्या नव्या गालिच्यावर. व्हायचं ते होईल."

लिफ्टमधला गालिचा क्रीम रंगाचा होता. सेक्रेटरींनी स्वतः पसंत केलेला.

"अहो मावशी, असं काय करता," म्हणेपर्यंत स्टूल आलं, किल्ली आली, दार उघडलं. भाच्याने काखेत हात घालून मावशीला वर ओढलं. ती चपला तिथेच टाकून जिन्याने पळाली.

सेक्रेटरींनी वाकून मोबाइलचा टॉर्च आत मारला. गालिचा कोरडा होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ऐन प्रसंगी डोकं थंड ठेवल्याबद्दल त्यांनी एकमेकांचे आभारही मानले.

मावशी वेळेत पोचली का, हे एकानेही विचारलं नाही. आणि गालिचा कोरडा म्हटल्यावर सुस्कारा तुम्हीही सोडलातच की.