नॉर्मलभोवतीचा गोल

"नॉर्मल? कुणाच्या मापानं नॉर्मल?"

काउंटरपलीकडे गायकवाडकाका मोरेकाकूंचा दंड चाचपत विचारत होते. काकूंच्या हातात मागचा रिपोर्ट होता.

चारकोपच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काका रक्त घेतात, मी रिपोर्ट टाइप करते. लिव्हरचा पेशंट आला की सुईआधी ते त्याचा दंड दाबून बघतात, बाजारात दुधी बघावा तसा. "पोट वाढलंय, दंड गेला. खाता काय, हवा?" काकू हसल्या.

मग काकांची शिकवणी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात साठणारा कचरा, मांसातून बनतं. लिव्हरच्या आजारात अंगावरचं मांस झडतं, म्हणून तेही कमी बनतं. किडनी बिघडायला लागली तरी आकडा सभ्यच दिसतो. "एक नंबरचं खोटारडं! मागचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय पकडलं जात नाही."

आमचा कॉम्प्युटर मागचं बघत नाही. मर्यादेबाहेरचा आकडा तेवढा ठळक छापतो, आणि डॉक्टर ठळक तेवढंच वाचतात. म्हणून काका साध्या आकड्याभोवती पेन्सिलनं गोल काढतात. मालक ओरडतात, "गायकवाड, तुम्ही सुई टोचा. डॉक्टर होऊ नका." गोल खोडायचं काम माझं. दोन वर्षं मी मुकाट्यानं खोडतेय.

मोरेकाकूंचा आजचा आकडा ०.९ आला. पंधरा दिवसांपूर्वी ०.५ होता. ठळक काहीच नाही. काकांनी गोल काढला. मालक म्हणाले, "खोड."

माझं खोडरबर सापडेना, म्हणून काकांचा खण उघडला. आत एक जुनी फाइल. सुमन गायकवाड. ०.४, ०.६, ०.८. गोल फक्त शेवटच्या आकड्याला, तोही इतका दाबून की कागद फाटलेला.

"बायको," काका मागून म्हणाले. "रक्त मीच घ्यायचो. घरी जाऊन मीच सांगायचो, नॉर्मल आहे गं, झोप आता."

आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले. "चला, दंड दाखवा."

अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी वाक्य आधी कागदावर लिहून घेते. या वेळी लिहिलं नाही. मोरेकाकूंच्या डॉक्टरांना फोन लावला.

"नॉर्मल आहे ना सगळं?" त्यांनी घाईत विचारलं.

मालक माझ्याकडे बघत होते.

"नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "क्रिएटिनिन पंधरा दिवसांत पॉइंट फाइव्हचं पॉइंट नाइन झालंय. आणि काकूंचा दंड अगदी बारीक आहे. त्यांना आजच बघा ना."